कपाटाच्या पायाखालचा बॅकअप

काही कामं अशी असतात की ती चोख झाली तर कुणाला पत्ता लागत नाही, आणि चुकली की चारचौघांत शोभा होते. टेपकाकांचं काम त्यातलं. विमा कंपनीच्या मुख्य कचेरीच्या तळघरात बसायचं, वरच्या सगळ्या मजल्यांवरच्या कामाची माहिती रोज टेपवर उतरवून घ्यायची, टेपांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, टेपा कपाटात लावायच्या आणि घरी जायचं. उद्या एखादं मशीन बसलं, जळलं, पाण्यात गेलं, तर या टेपांवरून सगळं जसंच्या तसं परत आणता यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. आता गंमत अशी, की इतक्या वर्षांत एकही मशीन जळलं नाही की पाण्यात गेलं नाही. त्यामुळे काका नक्की करतात काय, हे वर कुणालाच ठाऊक नव्हतं. कॅन्टीनमध्ये एकदा हिशेब विभागातल्या बाईंनी त्यांना विचारलं होतं, "काका, तुम्ही अजून गाणी भरून देता का हो?" काका "नाही" म्हणाले आणि चहा संपवून खाली आले. समजावून सांगायची उमेद त्यांच्यात आता राहिली नव्हती.

त्यांना हवी होती फक्त रजा. लेकीला मुलगी झाली होती. लेक दूरच्या शहरात, बायको बाळंतपणासाठी आधीच तिकडे जाऊन बसलेली. बाळ सगळ्यांनी पाहून झालं होतं. जावयांनी पाहिलं, त्यांच्या आईवडिलांनी पाहिलं, इतकंच काय, लेकीच्या घरी गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरनंही पाहिलं आणि "गोड आहे हो" म्हणून गेला. सख्ख्या आजोबांनी मात्र अजून नात पाहिली नव्हती. म्हणजे फोनवर पाहिली होती, पण काकांच्या बायकोला फोन हातात धरायची जी पद्धत आहे तीत बाळापेक्षा छत जास्त दिसतं.

"दिसतेय का?" ती विचारायची.

"पंखा दिसतोय."

"अहो, नीट बघा की!"

तर अशी ही आजोबांची हौस. रजेचा अर्ज सिस्टिमवर भरला, साहेबांनी मंजूर केला, रविवारी सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं, बॅग भरून दाराशी ठेवली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. काकांच्या रजेलाही तेवढीच असावीत, पण ती सगळी एकाच आठवड्यात यायची म्हणून थांबली होती.

बुधवारी साहेबांनी वर बोलावलं. साहेब म्हणजे पित्ताचा माणूस. टेबलावर कायम औषधाची बाटली, आणि चेहरा असा की आत्ताच कुणीतरी वाईट बातमी सांगून गेलं असावं. समोर ऑडिटरबाई बसल्या होत्या. वय फार नव्हतं, आवाज चढत नव्हता, आणि अशाच माणसांची जास्त धास्ती असते.

"रोज बॅकअप घेता?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"एक प्रत इमारतीच्या बाहेर ठेवता? इथे आग लागली तर?"

"ठेवतो."

कुठे ठेवता, हे त्यांनी विचारलं नाही आणि काकांनीही सांगितलं नाही. बाहेरच्या तिजोरीचा करार खरेदी विभाग आणि कायदा विभाग यांच्यामध्ये अडकून पडला होता. टेप ही वस्तू धरायची की दस्तऐवज, यावर कायदा विभागाचं एकमत होईना. तोवर 'तात्पुरती सोय' म्हणून दर महिनाअखेरची टेप काका घरी नेत, आधीची परत आणत आणि नवी झोपायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात स्वेटरखाली ठेवत. ही तात्पुरती सोय चालू झाली तेव्हा लेक शाळेत होती.

"छान," ऑडिटरबाई म्हणाल्या. "मग ती बाहेरची प्रत आणा, आणि एक मशीन त्यावरून परत उभं करून दाखवा. शनिवारी."

अहो, इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलंच नव्हतं! छत्री विकत घ्यावी, वर्षानुवर्षं खुंटीला टांगून ठेवावी आणि अचानक कुणीतरी म्हणावं, उघडून दाखवा बघू. उघडेलही. पण उघडेलच असं छातीठोकपणे कोण सांगणार?

बाई गेल्यावर साहेबांनी औषधाचा घोट घेतला. "टेपकाका, हे नीट पार पडलं तर रजा तुमची. फसलं, तर वरचे लोक मला विचारतील की बॅकअपवाला कुठंय? तेव्हा तो बाळाला खेळवतोय असं मला सांगता येणार नाही."

"पण रजा मंजूर झालीय, साहेब."

"मंजूर झालेली रजा रद्दही होते हो. बटण शेजारीच असतं."

आता असल्या चाचणीसाठी खरं तर एक वेगळं रिकामं मशीन ठेवलेलं असतं. इथेही होतं. ते रोखपालांनी 'दोन दिवसांसाठी' नेलं होतं आणि आता त्यावर त्यांचा अख्खा विभाग चालत होता. काका मागायला गेले तर रोखपाल असे बघायला लागले की जणू त्यांची किडनीच मागितली. शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. "पॉलिसीच्या मशीनला हात लावायचा नाही, तिथे गिऱ्हाईक आहे. आपल्या लोकांच्या हजेरीचं आणि रजेचं जे मशीन आहे, त्याच्यावर करा. शनिवारी कचेरी बंद असते. आपली माणसं कुठे पळून जातायत?"

काकांना हे पटलं नाही. चालत्या मशीनवर जुनी टेप चढवायची म्हणजे त्यावरचं आजचं सगळं पुसलं जाणार. पण त्याला उपाय होता. रोजच्या टेपा होत्याच, तरी खबरदारी म्हणून आधी आजची ताजी प्रत एका कोऱ्या टेपवर घ्यायची, मग जुनी चढवून दाखवायची, बाईंचं समाधान झालं की ताजी प्रत परत चढवायची. संध्याकाळपर्यंत काम फत्ते. हवी होती फक्त एक कोरी टेप.

एक कोरी टेप! म्हणायला किती सोपं आहे! गुरुवारी काका भांडारपालांकडे गेले. भांडारपाल हा माणूस कचेरीतला एकही खडू फुकट जाऊ देत नसे. त्यांचा नियम साधा होता. जुनं जमा करा, नवं न्या. ट्यूबलाइट असो, झाडू असो, की टेप.

"जुनी टेप?" भांडारपालांनी हात पुढे केला.

"अहो, जुन्या टेपेवर माहिती असते. ती ठेवायचीच असते. म्हणून तर नवी लागते."

"म्हणजे जुनी चालू आहे?"

"चालू आहे."

"मग नवी कशाला?"

यावर काकांनी अर्धा तास बॅकअप म्हणजे काय ते सांगितलं. भांडारपालांनी ते मन लावून ऐकलं, मान डोलावली, कौतुकही केलं, आणि शेवटी म्हणाले, "सगळं कळलं. आता जुनी टेप द्या."

काकांच्या डोक्यातून आता वाफा निघायच्या बाकी होत्या. ते खाली आले. टेपांचं कपाट उघडून बघत बसले. यातली एकही देण्यासारखी नव्हती. तेवढ्यात कोपऱ्यात पडलेली साफसफाईची टेप दिसली. दिसायला इतर टेपांसारखीच, पण तिच्यात माहिती नसते. टेप वाचणाऱ्या यंत्राला, म्हणजे ड्राइव्हला, धुळीनं ठसका लागला की ही आत घालायची, की ते आतून पुसून निघतं. झिजली होती बिचारी, पण अजून एक-दोनदा चालली असती. काकांनी ती नेऊन दिली. भांडारपालांनी तिला उलटसुलट करून पाहिलं, समाधानानं खणात टाकली, आणि फिनेलच्या डब्यांमागून एक कोरी टेप काढून दिली. टेपेला फिनेलचा वास येत होता. का येतोय, हे विचारायचं त्राण काकांना नव्हतं. नियमानं घेतली, नियमानं दिली, जगात आणखी काय हवं?

शुक्रवारी संध्याकाळी घरची टेप घ्यायला त्यांनी कपाट उघडलं. स्वेटर उचलले. टेप नव्हती. सगळे स्वेटर बाहेर काढले, झटकले, मग चादरी काढल्या, मग लेकीचे शाळेतले फ्रॉक, जे बायकोनं का ठेवलेत हे देवालाच माहीत. टेप नाही. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बायकोला फोन लावला.

"अगं, कपाटातली काळी डबी कुठाय?"

"कुठली हो?"

"काळी! चपटी! हाताएवढी! स्वेटरखाली होती!"

"हां, ती! ती मी निघायच्या आधीच कपाटाच्या पायाखाली सारली. किती दिवस डुगडुगत होतं ते. तुम्हाला सांगून सांगून थकले, तुम्ही काही सुताराला बोलावलं नाही. अगदी मापात बसली बघा! आता हलतं का?"

काकांनी कपाटाला हात लावून बघितला. हलत नव्हतं. हजारो विमेदारांच्या कंपनीची, आग लागली, पूर आला तर उपयोगी पडणारी बाहेरची एकमेव प्रत गेले काही आठवडे त्यांच्या स्वेटरांचा तोल सांभाळत होती. आणि खरं सांगायचं तर चोख सांभाळत होती.

कपाट एकट्याला उचलेना. शेजारच्या हेडमास्तरांना बोलावलं. हेडमास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण शिकवायचं थांबले नव्हते. ते आले, कपाटाभोवती एक फेरी मारली आणि खुर्चीवर बसले.

"आधी रिकामं करा."

"रिकामंच आहे, मास्तर. सगळं पलंगावर काढलंय."

"मग तिरकं करा. नाही, इकडे नाही. तुमच्या डावीकडे. माझ्या डावीकडे नाही हो! तरफेचं तत्त्व विसरलात वाटतं?"

"मास्तर, जरा हात लावता का?"

"मी लावला असता, पण माझी कंबर. मी तुम्हाला दिशा सांगतो."

काकांनी पाटाची पहार केली, खांदा लावला, दात आवळले, आणि एका पायानं टेप बाहेर ओढली. टेपेच्या पाठीवर कपाटाच्या पायाचा गोल ठसा उमटला होता. मास्तरांनी ती हातात घेऊन चष्म्याजवळ नेली. "यात काय आहे म्हणालात?"

"सगळ्या कचेरीची हजेरी, रजा, पगार."

"आणि हे तुम्ही कपाटाखाली ठेवता?" मास्तरांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं, जिच्यापुढे मुलांच्या किती पिढ्यांनी मान खाली घातली असेल कोण जाणे. काकांनीही घातली. मागे कपाट परत डुगडुगायला लागलं होतं.

शनिवारी सकाळी तळघरात तिघंच होते. ऑडिटरबाई, साहेब आणि काका. काकांनी आधी फिनेलवाली कोरी टेप घातली आणि आजची ताजी प्रत घेतली. नीट उतरली. मग ठसा उमटलेली टेप घातली. ड्राइव्ह गुरगुरलं, थांबलं, परत गुरगुरलं. साहेबांनी पोटावर हात ठेवला. काकांना वाटलं, आपला जन्म यातच गेला, आणि यातलं काही खरं होतं की नव्हतं हे आता कळणार.

आणि सगळं परत आलं! एकेक नाव, एकेक हजेरी, महिनाअखेरीला जसं होतं तसं, कणभरही इकडचं तिकडे नाही. बाईंनी इथून तिथून उघडून पाहिलं, पगार ताडून पाहिले, आणि प्रथमच हसल्या. "मी बऱ्याच कंपन्या बघते, काका. इतकं स्वच्छ परत आलेलं फार कमी वेळा बघितलंय." त्यांनी सही केली, साहेबांशी हात मिळवला, आणि जाता जाता टेपेवरच्या ठशाकडे बघून म्हणाल्या, "जड तिजोरीत ठेवता वाटतं?"

"बरीच जड आहे," काका म्हणाले.

साहेब खुशीत वर गेले. काकांना आज कुणीतरी इतक्या वर्षांत पहिल्यांदा शाबासकी दिली होती. आता ताजी प्रत परत चढवायची आणि घरी जायचं. त्यांनी फिनेलवाली टेप आत सारली. ड्राइव्हनं एक घरघर केली, मग खाकरल्यासारखा आवाज काढला, आणि पिवळा दिवा लागला. पिवळा दिवा म्हणजे, मला पुसा.

काका कपाटाकडे गेले. साफसफाईच्या टेपेची जागा रिकामी होती.

ती भांडारात होती. भांडाराला कुलूप होतं. आणि भांडारपालांना फोन लावला तर ते म्हणाले, "जमा झालेला माल कालच भंगारात गेला, काका. आपल्याकडे काम पेंडिंग राहत नाही."

काकांनी देवाचं नाव घेऊन टेप बाहेर काढायचं बटण दाबलं. आत काहीतरी तटकन तुटलं. टेप आत अडकली ती अडकलीच. यंत्राच्या मिस्त्रीला फोन केला, तो म्हणाला, बुधवारी. लवकर नाही का जमणार? हेच लवकर आहे. रोजच्या टेपा कपाटात रांगेनं उभ्या होत्या, कालचीसुद्धा होती, पण घालायची कशात? मिस्त्री येईपर्यंत हजेरीचं मशीन महिनाअखेरीतच राहणार होतं. या महिन्यात काय घडलं ते त्याला ठाऊकच नव्हतं. कोण आलं, कोण गेलं, कुणाची रजा मंजूर झाली, काही नाही. मशीनच्या लेखी काकांची नात अजून जन्मालाच यायची होती.

ते तिथेच स्टुलावर बसले. इतकी वर्षं इतरांचं सगळं जपून ठेवलं, आणि पुसलं गेलं ते नेमकं आपलं. त्यांना राग आला, पण कुणाचा करायचा तेच कळेना. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"निघायची तयारी झाली ना? अहो, हिचा चेहरा रोज बदलतो. जन्मली तेव्हा अगदी तुमच्यासारखी होती हो, तेच कपाळ, तेच वैतागलेलं तोंड. आता जावईबापूंसारखी दिसायला लागलीय. लवकर या, नाहीतर तुमचं काही उरायचं नाही तिच्यात."

काकांनी ड्राइव्हवरच्या पिवळ्या दिव्याकडे बघितलं.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय," ते म्हणाले, आणि फोन ठेवून वर गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. खुशी उतरली, औषधाची बाटली उघडली. त्यांनी स्वतःच्या पडद्यावर काकांची रजा शोधली. अर्ज आढळला नाही. नवा अर्ज भरून मंजूर करायचा प्रयत्न केला. मशीन म्हणालं, अर्ज आठ दिवस आधी करावा.

"बघा," साहेब म्हणाले. "मी काही करत नाहीये. सिस्टिममध्येच नाही. आणि सोमवारी सगळे ओरडत येतील तेव्हा तुम्ही इथे हवेतच."

"मी असून बुधवारपर्यंत काय करणार, साहेब? यंत्र मिस्त्री उघडेल. कालची टेप पहिल्या खणात आहे, चिठ्ठी लावलीय. ती घातली की झालं. मी फोनवर सांगतो."

"पण रजाच नाही हो तुमची! उद्या कुणी विचारलं तर?"

काका खूप थकले होते. इतके, की साहेबांना घाबरायचंही त्यांच्यानं होईना. त्यांनी खुर्ची ओढली आणि न विचारता बसले. "साहेब, मला तिला बघायचंय. तिकडे ती रोज बदलतेय. ते काही कुठल्या टेपवर मिळणार नाही मला." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "माझी या महिन्याची हजेरी काढा बघू."

साहेबांनी काढली. एकही दिवस भरलेला नव्हता.

"सिस्टिमप्रमाणे मी महिनाभर इकडे फिरकलोच नाही," काका म्हणाले. "इतके दिवस कुणाचं काही अडलं नाही. अजून थोडे दिवस नाही आलो तर नवीन काय?"

साहेब पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच स्वतःचं नाव टाकलं आणि काय दिसतं ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं पित्त जरा उतरल्यासारखं वाटलं.

"टेपकाका," ते म्हणाले, "मीपण आलेलो नाही."

"नाही ना?"

"एकदाही नाही." साहेबांनी पडदा बंद केला, बाटलीला झाकण लावलं, आणि उठून खुर्चीवरचा कोट उचलला. "म्हणजे आत्ता आपली भेट झालीच नाही. जा, गाडी पकडा."

रविवारी रात्री लेकीच्या घरी बायकोनं बाळ त्यांच्या हातात ठेवलं आणि लगेच फोन वर धरला. "इकडे बघा, हसा जरा, फोटो काढते."

"नंतर काढ गं," काका मान वर न करता म्हणाले. "आधी मला बघू दे."